डिपस्टिकवर ऑइल वाढलं कसं?

ऑइल कमी झालेलं सगळ्यांनी पाहिलंय, माझ्या ट्रकमध्ये ते वाढत होतं! नाशिकहून जेएनपीटी बंदरात कांदा नेणारी बीएस-६ गाडी. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा दर दोन-तीन दिवसांनी लागायचा. एका सकाळी डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. बोटावर चोळलं, पातळ, आणि डिझेलचा वास.

चूक माझीच. जुन्या बीएस-४ गाडीचं सीआय-४ प्लस ग्रेडचं ऑइल उरलं होतं, तेच यात ओतलं होतं. त्याची राख जास्त. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये साठत जाते. मग रीजनरेशन (काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं) वारंवार, त्यासाठी जादा डिझेल, आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये.

मॅन्युअल उघडलं (दोन वर्षांत पहिल्यांदा). १५डब्ल्यू-४० हा जाडपणा तर बरोबर होता, पण ग्रेड कमी राखेचा सीके-४ हवा होता. ऑइल, फिल्टर बदलले, डीपीएफ काढून साफ करून घेतला. खर्च बायकोला अजून सांगितलेला नाही.

ऑइल बदलायचं मॅन्युअलमधलं मोठं अंतर सरळ हायवेसाठी. कसारा घाट आणि बंदराच्या रांगेत तासन्‌तास चालू इंजिन म्हणजे 'हेवी ड्यूटी'चा रकाना. आता त्यातल्याच किलोमीटरला बदलतो. दिवा महिन्याभरात लागलेला नाही.