आयरिश कॉफीवर क्रीम तरंगत नसेल तर

नाताळच्या थंडीत घरी आयरिश कॉफी (व्हिस्की घातलेली, वर क्रीमचा थर असलेली गरम कॉफी) केली की क्रीम ओतताच खाली बसायचं आणि कॉफी गढूळ व्हायची. फार वैताग आला होता. क्रीम जास्त फेटलं तर लोण्यासारखा गोळा, हळूहळू ओतलं तरी तेच.

कारणं दोन. साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास, ते नीट फुगत नाही. दुसरं, साखर. साखरेने कॉफी जड होते आणि क्रीमला आधार मिळतो, त्यामुळे बिनसाखरेची आवडत असली तरी इथे सूट नाही.

काचेचा ग्लास गरम पाण्याने विसळून घ्या. 120 मिली कडक, गरम कॉफीत 2 चमचे ब्राउन शुगर पूर्ण विरघळवा, मग 40 मिली आयरिश व्हिस्की. ढवळल्यावर कॉफीचं फिरणं थांबू द्या. 35 टक्के स्निग्धांशाचं दुधाचं व्हिपिंग क्रीम फ्रीजमधून काढून लगेच बरणीत घाला, झाकण लावून बरणी जोरात हलवा. ते चमच्यावरून संथ ओघळलं पाहिजे, त्याहून घट्ट नको. चमचा पालथा धरून कॉफीला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून क्रीम सोडा. नंतर ढवळू नका, गरम कॉफी गार क्रीममधूनच प्यायची.