हिवाळ्यात जलाशयावर पक्षी कसे पाहावेत

कुठल्या काठावर बसायचं, हे आदल्या दिवशीच ठरवा. सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी पूर्वेचा काठ आणि दुपारनंतर पश्चिमेचा. उलटं झालं तर समोरची सगळी बदकं नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

दुर्बीण ८×४२ची पुरते. ती आठपट मोठं दाखवते आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्पष्ट येतं. त्याहून जास्त ताकदीची दुर्बीण हातात थरथरते. कपडे मातकट रंगाचे घाला, उजाडण्याआधी पोचा आणि एका जागी बसून राहा.

आता दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी काठापासून आत पाण्याची खोली वाचत जा. पक्षी ओळखण्याची याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही, कारण पाय आणि चोच यांची लांबीच कोणी कुठे चरायचं ते ठरवते. चिखलावर दुडुदुडु धावून, थांबून टिपणारा आखूड चोचीचा तो चिखल्या. जरा आत, लांब गुलाबी पायांवर उभा तो शेकाट्या. पाणटिवळा लांब चोच पार मुळापर्यंत गाळात खुपसतो. त्यापुढच्या उथळ पाण्यात शेपटी वर आणि डोकं खाली करून चरणारी तलवार बदकं दिसतील. थापट्याची चोच पुढे पसरट, तिच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. पाणी गाळत तो गोलगोल फिरतो. खोल पाण्यात बुडी मारून दिसेनासं होतं ते शेंडी बदक.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बदकांचे बरेच नर मादीसारखेच फिकट दिसतात. तेव्हा रंगावर विसंबू नका, चोचीचा आकार पाहा.

थवा मोजायचा तर दहा पक्षी मोजा, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते; तिच्यात भाग घ्यायचा असेल तर ही सवय आधीच लावून घ्या.

सगळा थवा एकदम उडाला तर आधी वर पाहा, दलदली हारीण हा शिकारी पक्षी आला असेल. तुमच्यामुळे मात्र एकही पक्षी उडू नये. परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. पक्षी चरायचे थांबून मान ताठ करू लागले, की तिथेच थांबा, हळूच मागे सरका.

पट्टकादंब असतील तर सूर्य बुडाला तरी उठू नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस दिवसभर पाण्याकाठी विसावतात आणि अंधार पडताना शेतांकडे चरायला निघतात. आधी आवाज येतो, मग डोक्यावरून रांग जाते.