देहघड्याळावर काम करायचं असेल तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडे झुऑलॉजी घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या आणि जैविक घड्याळाकडे वळू पाहणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. कॉलेजात हा विषय दोन ओळींत आटपतो: मेंदूत सुमारे 20,000 न्यूरॉनचा (चेतापेशींचा) एससीएन, म्हणजे सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, नावाचा पुंजका आहे, तो डोळ्यांकडून उजेडाची खबर घेतो आणि झोप-जाग ठरवतो. परीक्षेपुरतं ठीक.

खरी गंमत ग्लिया पेशींत, म्हणजे मेंदूतल्या न्यूरॉन नसलेल्या पेशींत आहे. पुस्तकात त्या न्यूरॉनला नुसत्या टेकू. पण 2017 मध्ये केंब्रिजच्या मायकेल हेस्टिंग्ज यांच्या गटानं उंदराच्या एससीएनमध्ये दाखवलं, की न्यूरॉन दिवसा तेज आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या ग्लिया पेशी रात्री. (उंदीर निशाचर, तरी हे न्यूरॉन दिवसाच तेज!) रात्री अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेट सोडतात, त्यानं न्यूरॉनमधून गाबा हे शांत करणारं रसायन जास्त सुटतं आणि पुंजका गप्प होतो. ग्लुटामेट एरवी चेतवणारं रसायन, इथं मात्र त्यानंच शांतता. 2019 मध्ये याच गटानं पुढची कडी जोडली. घड्याळ चालवणारी क्राय जनुकं नसलेल्या उंदरांचं वेळापत्रक अंधारात पार विस्कटलेलं असतं. त्यांच्या एससीएनमधल्या फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये क्राय1 परत घातलं, तर अखंड अंधारातही ते ठरल्या लयीत चाकावर धावू लागले. एवढा एक प्रयोग पक्का करा, मुलाखतीत फार उपयोगी पडतो.

सुरुवात मात्र फळमाशीपासून करा. 2017 चं नोबेल याच माशीच्या घड्याळावरच्या कामाला मिळालं, आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये तिच्यावर बरंच काम झालंय. बारीक काचनळीत एकेक माशी, एका टोकाला खाद्य, दुसऱ्याला कापूस, मधोमध इन्फ्रारेड किरण. माशीनं तो ओलांडला की एक नोंद. अंधारात लाल दिव्याखाली नळ्या हाताळायच्या, कारण माशीला लाल उजेड फारसा दिसत नाही. हात बसायला वेळ लागतो.

विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपवर दिवाळीपासूनच डोळा ठेवा. सोबत आकडेमोडीसाठी 'आर' किंवा पायथॉन ही संगणकभाषा शिका, कारण माश्यांपेक्षा आकड्यांतच जास्त दिवस जातात. इंग्रजीचा बाऊ करू नका. आपल्याला कानडी येतं, ते मेसमध्ये आणि लॅबच्या स्टाफजवळ फार कामाला येतं.

आणि घरचे "माश्या मोजून काय करायलास?" म्हणाले, तर त्यांना बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या रात्रपाळीवाल्यांच्या झोपेबद्दल विचारा. औषधाची आशा मात्र दाखवू नका. ग्लियाचं हे बहुतेक काम अजून उंदरांत आणि माश्यांतच आहे.