म्युझिक मॅगझिनच्या कव्हरचं अ‍ॅनालिसिस करताय? निदान या चुका तरी टाळा

मास मीडियाच्या पोरांची कव्हर अ‍ॅनालिसिसची, म्हणजे कव्हरवरचे रंग, फोटो, अक्षरं काय सांगतात ते लिहायची, असाइनमेंटं दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतात. विषय निवडायची मोकळीक दिली की अर्धा वर्ग म्युझिक मॅगझिनवर उडी मारतो. कारण उघड आहे, आवडता सिंगर असतो, फोटो मोठा असतो आणि वाचायला कमी असतं. त्याला माझी काही हरकत नाही. वैताग येतो तो दरवर्षी तेच घोळ बघून, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिला मान लाल रंगाला. "लाल रंग पॅशन, राग आणि धोका दाखवतो, त्यातून कलाकाराची बंडखोर वृत्ती दिसते." हे वाक्य मला आता तोंडपाठ आहे. एका वायव्हाला एका मुलीने 'क्यू'चं कव्हर आणलं होतं. क्यू म्हणजे ब्रिटनचं म्युझिक मासिक, 1986 ला सुरू झालं, 2020 ला बंद पडलं. त्याचा लोगो म्हणजे डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन आणि त्यात पांढरं क्यू अक्षर. हिने त्या लाल चौकोनावर पानभर लिहिलेलं, की गायिकेचं ब्रेकअप झालंय, ती दुखावलीय, तो चौकोन म्हणजे तिचं रक्ताळलेलं मन वगैरे. बाहेरून आलेले परीक्षक शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मोबाइलवर क्यूची आणखी चार-पाच कव्हरं उघडून तिच्यासमोर धरली. कुठे म्हातारा रॉकर, कुठे पाच पोरांचा बँड, आणि लाल चौकोन सगळीकडे जिथल्या तिथे. ते म्हणाले, "मग या सगळ्यांचंच ब्रेकअप झालंय का?" ती बिचारी म्हणाली, "असेल सर." परीक्षक हसले पण मार्क काही दिले नाहीत.

म्हणून माझी सवय सांगतो. एकटं कव्हर मी कधीच बघत नाही. त्याच मॅगझिनचे आगेमागचे चार-पाच अंक शेजारी ठेवायचे, जे सगळ्यांवर सारखं आहे ते मॅगझिनचं, जे बदललंय ते या अंकाचं, आणि तुम्हाला लिहायचंय ते मुख्यतः या दुसऱ्याबद्दल. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मॅगझिनचं बघा. त्यांचा पहिला लोगो 1967 ला रिक ग्रिफिन या सायकेडेलिक पोस्टरवाल्या चित्रकाराने काढला, पुढे त्यात थोडेफार फेरफार झाले पण अक्षरांचं वळण आजही ओळखू येतं. रंग मात्र अंकागणिक बदलतो. मग तिथे रंगावर लिहा की खुशाल, कोणीतरी बसून तो त्या अंकापुरता निवडलेला असतो. एवढं करायला दहा मिनिटं लागतात हो, पण पोरांना दहा मिनिटं जड जातात.

दुसरा घोळ याहून भारी. मॅगझिनच खोटं असतं! ब्रिटनमध्ये शाळेच्या मीडिया स्टडीजमध्ये बरीच वर्षं पोरांना स्वतःचं म्युझिक मॅगझिन बनवायला लावायचे, कव्हर, अनुक्रमणिका आणि आतली दोन पानं. ती सगळी पोरं आपलं काम ब्लॉगवर टाकायची. आता आपली मंडळी गुगल इमेजेसवर सर्च मारतात, समोर एक चकचकीत कव्हर येतं, गिटार घेतलेली मुलगी, मोठं नाव, खाली बारकोड. की लगेच त्यावर हजार शब्द. मला एकाने असंच एक आणून दिलं आणि वर "हे मॅगझिन तरुण वर्गात अत्यंत लोकप्रिय आहे" असंही ठोकून दिलं. अरे बाबा, ते इंग्लंडातल्या कुठल्यातरी अकरावीच्या पोरीने आपल्या मैत्रिणीचा फोटो काढून बनवलंय, त्याची एकच कॉपी निघाली असेल आणि ती तिच्या टीचरकडे! ओळखणं काही अवघड नसतं. अंकाची तारीख नाही, किंमत नाही किंवा आहे ती काहीच्या काही, ज्या बँडची नावं छापलीत ते सर्च केले तर कुठेच सापडत नाहीत. मी कव्हर हातात आलं की आधी बारकोडच्या आसपास बघतो, फोटो नंतर. तारीख, किंमत, अंक नंबर नसेल तर अख्खं कव्हर बाजूला.

आणि खरं मॅगझिन असलं तरी आवृत्ती कुठली ते बघा. क्यूसारखी मासिकं वर्गणीदारांना घरपोच जाणाऱ्या अंकाला कधीकधी वेगळं कव्हर लावायची, नुसता फोटो आणि लोगो, मजकूर जवळजवळ नाहीच. ते बघून "मिनिमलिस्ट डिझाइनमधून कलाकाराचा एकटेपणा" असं लिहिणारे महाभाग आहेत. ज्याने वर्षाचे पैसे आधीच भरलेत त्याला कव्हरवरून ओरडून काय विकायचं? त्याच महिन्याचा स्टॉलवरचा अंक काढून बघा, गच्च भरलेला असतो.

स्टॉल हीच तर मुद्द्याची गोष्ट आहे. क्यूने एका अक्षराचं नाव घेतलं त्याचं एक कारण हेच सांगतात, की स्टॉलवर लांबून दिसावं. परदेशी दुकानांत रॅकवर अंक एकावर एक आडवे सरकवून ठेवले की डावीकडची पट्टीच उघडी राहते, म्हणून महत्त्वाची नावं डावीकडे. आपल्याकडे फुटपाथवर खालीवर सरकवून मांडले तर वरची पट्टी दिसते. "डाव्या भागाला महत्त्व असतं" हे पुस्तकातून उतरवता, पण का ते एकालाही सांगता येत नाही. मी कव्हरची प्रिंट काढून दोन-तृतीयांश भाग वहीने झाकतो आणि बघतो की उरलेल्या पट्टीवरून अंक विकला जाईल का. मोबाइलच्या स्क्रीनवर हे जमत नाही, तिथे सगळी कव्हरं एकाच मापाची दिसतात. रोलिंग स्टोन 2008 च्या ऑक्टोबरपर्यंत चांगलं ऐसपैस असायचं, मग नेहमीच्या मापाचं केलं, 2018 ला परत मोठं केलं, हे स्क्रीनवर कुठून कळणार.

काळ माहीत नसेल तर काय होतं त्याचं एकच उदाहरण देतो. बीटल्सवाला जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो यांचं रोलिंग स्टोनचं कव्हर, 22 जानेवारी 1981 चा अंक, फोटो अ‍ॅनी लिबोविट्झ. तो कपड्यांशिवाय तिला बिलगलेला, ती पूर्ण कपड्यांत. एकही हेडलाइन नाही. यावर "स्त्रीचं वर्चस्व", "बोल्ड मार्केटिंग", काय वाट्टेल ते येतं. फोटो 8 डिसेंबर 1980 चा आहे आणि त्याच रात्री लेननला गोळ्या घातल्या, हे वाक्य मात्र शोधूनही सापडत नाही. फोटो काढला तेव्हा ते प्रेम होतं, छापला तेव्हा निरोप झाला. त्यावर हेडलाइन काय लिहिणार? आधी ही तारीख लिहा, मग अँगल आणि पोझचं बोला.

एनएमई या ब्रिटिश म्युझिक साप्ताहिकाचं 12 ऑगस्ट 1995 चं कव्हरही असंच वाया घालवतात. ब्लर विरुद्ध ओएसिस, दोन ब्रिटिश बँड, दोघांची सिंगल्स (एकेका गाण्याची रेकॉर्ड) 14 ऑगस्टला एकाच दिवशी येणार होती, तर एनएमईने थेट बॉक्सिंगच्या पोस्टरसारखं 'ब्रिटिश हेवीवेट चॅम्पियनशिप' छापून टाकलं. पोरं लिहितात, "बोल्ड फॉन्ट पुरुषी वाटतो." अहो, ते बॉक्सिंगचं पोस्टर आहे, त्या कव्हरची सगळी गंमतच ती आहे! पुढे ब्लरने 2,74,000 विरुद्ध 2,16,000 प्रती अशी बाजी मारली, पण हे कव्हर आलं तेव्हा निकाल कोणालाच माहीत नव्हता, आणि दोन्ही बँडचे फॅन अंक घेणार हे मात्र पक्कं होतं.

बाकीचं पटापट. "कलाकार थेट आपल्याकडे बघतो त्यामुळे वाचकाशी नातं जुळतं" हे वाक्य सरळ खोडा, जवळपास सगळेच बघतात, जो बघत नाही त्याच्यावर लिहा. डोक्यामागे मॅगझिनचं नाव झाकलं गेलं तर ते चुकून नाही, अर्ध्या नावावर ओळखतील अशी खात्री असलेलं मॅगझिनच ते करतं. ब्रिटनच्याच मासिकांत 'केरँग'चं कव्हर गजबजलेलं म्हणून खराब आणि 'मोजो'चं सुटसुटीत म्हणून चांगलं असं नसतं, दोघांचे वाचक वेगळे. नव्वदच्या दशकातलं अमेरिकन मासिक 'रे गन' वाचता येत नाही ही तक्रार करू नका, त्याचा डिझायनर डेव्हिड कार्सनला तेच करायचं होतं.

चॅटबॉटला कव्हर दाखवून उत्तर आणणाऱ्यांना काय बोलायचं, वर दिलेली लाल रंगाची आणि थेट नजरेची दोन्ही वाक्यं त्यात असतातच, मला पहिल्या परिच्छेदात कळतं.

हां, आणि मोजोसारख्या मासिकाच्या कव्हरवर मोठी रिकामी जागा दिसली की लगेच "निगेटिव्ह स्पेसचा सुंदर वापर" लिहू नका. बऱ्याचदा तिथे फुकटची सीडी चिकटवलेली असते.