सशांच्या खुराकात पेंडीऐवजी पाला: मिश्रण सोपं, बदल अवघड

शेंगदाणा पेंड बंद करायची ती भावापेक्षा बुरशीमुळे. ओल लागलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि गाई-शेळीला पचून जाईल इतक्या मात्रेनंही ससा दगावतो. पेंड उकळून किंवा उन्हात टाकून हे विष जात नाही, तेव्हा तो सल्ला सोडून द्या. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. म्हणून मांसासाठी वाढवायच्या पिल्लांचं जवळपास निम्मं प्रथिन वाळवलेल्या पाल्यातून आणि उरलेलं सूर्यफूल पेंड, कोंडा, मका यांतून भागवावं.

पाल्यात पहिली पसंती लसूणघासाला, कारण त्यात प्रथिनं आणि तंतू दोन्ही मिळतात. तो नसेल तर दशरथ घास. शेवगा आणि हादग्याच्या पाल्यात प्रथिनं भरपूर, पण तंतू कमी, त्यामुळे ते जोडीला घ्यावेत, मुख्य म्हणून नकोत. जालना-बीडकडे रेशीमवाल्यांकडचा उरलेला तुतीचा पाला उत्तम. अझोल्याचं (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) कौतुक फार ऐकू येतं, पण किलोभर ओला अझोला वाळवला की हातात जेमतेम 50-60 ग्रॅम माल उरतो. ससा त्या पाण्यानंच पोट भरतो.

पाला सावलीत पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा, मुठीत चुरला गेला की गोणीत भरा. चार-पाच किलो हिरव्याचा एक किलो होतो. साठा मेअखेर करून ठेवा, पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका.

10 किलो मिश्रणासाठी: लसूणघास 3 किलो, सुबाभळीचा पाला 1 किलो, सूर्यफूल पेंड 1.5 किलो, गव्हाचा कोंडा 2 किलो, मका भरडा 2 किलो, काकवी 300 ग्रॅम, क्षारमिश्रण 150 ग्रॅम, मीठ 50 ग्रॅम. यात प्रथिनं साधारण 16.5 टक्के आणि तंतू 15 टक्क्यांच्या आसपास बसतात. सूर्यफूल पेंडीत लायसिन हा वाढीला लागणारा प्रथिनांचा घटक कमी असतो, म्हणून जमल्यास तिच्यातली अर्धा किलो काढून तेवढीच कारखान्यात शिजून आलेली सोयाबीन पेंड घाला. सुबाभूळ या एक किलोच्या पुढे नेऊ नका. तिच्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात. पाला वाळवल्यानं ते थोडं घटतं, संपत नाही. गाभण माद्यांच्या खुराकात ती नकोच.

आता खरी अडचण. मिश्रण कागदावर कितीही चोख असलं तरी पिल्लं मरतात ती खुराक बदलताना, पाचव्या ते सातव्या आठवड्यात. आईचं दूध तुटलेलं असतं आणि सशाचं मोठं आतडं, जिथं जिवाणू तंतू कुजवून पचवतात, अजून स्थिरावलेलं नसतं. अशा वेळी एकदम नवा, प्रथिनं-पिठूळ पदार्थ जास्त असलेला खुराक आला की न पचलेला भाग आतड्यात उतरतो, घातक जिवाणू माजतात आणि हगवण लागते. संध्याकाळी उड्या मारणारं पिल्लू सकाळी आडवं दिसतं. ‘पिल्लं वाढत नाहीत, प्रथिन वाढवा’ हा सल्ला देणाऱ्यानं बहुधा ही हगवण पाहिलेली नसते.

त्यामुळे 35 व्या दिवशी पिल्लं वेगळी केली की पुढचे पाच दिवस आईजवळ खात होती तोच खुराक चालू ठेवा. जागा बदलणं, आई तुटणं आणि खाणं बदलणं, तिन्ही धक्के एका दिवशी द्यायचे नाहीत. मग तीन दिवस एक भाग नवा आणि तीन भाग जुना, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, आणखी तीन दिवस तीन भाग नवा आणि एक भाग जुना, त्यानंतर पूर्ण नवा. मध्ये कुणाची लेंडी मऊ झाली तर त्या पिंजऱ्यापुरतं एक पायरी मागे या.

इथं हात आखडताच ठेवायचा. सहाव्या आठवड्यात पिल्लामागे 50-60 ग्रॅम, आठव्यात 80, दहाव्यानंतर 100 ते 110. वाळलेलं गवत मात्र चोवीस तास समोर हवं, मारवेल असो वा पवना. हिरवा लसूणघास या वयात देऊ नका, पोट फुगतं.

आणखी एक चूक: पाला पिठासारखा बारीक दळणं. बारीक तंतू आतड्यात रेंगाळतो, ढकलायचं काम करत नाही, शिवाय धुळीनं ससे शिंकतात. भरडच ठेवा, काकवी कोमट पाण्यात कालवून वर शिंपडा. ओलसर केलेलं त्याच दिवशी संपवा. गोळ्या पाडायच्या असतील तर 4 मिलिमीटरची जाळी.

पिंजऱ्याखाली घोसासारख्या मऊ, चिकट लेंड्या साचू लागल्या तर समजा की ससा त्या परत खाईनासा झालाय. त्या पहाटे थेट गुदद्वाराकडून खाणं हा त्याच्या पचनाचाच भाग असतो. बहुतेक वेळा खुराक जास्त झालेला असतो, म्हणून 20 टक्क्यांनी कमी करा आणि गवत वाढवा. पाण्यासारखी हगवण असेल तर खुराक पूर्ण बंद, फक्त वाळलं गवत आणि क्षार घातलेलं पाणी, आणि त्याच दिवशी पशुवैद्यक. उपाशी ठेवू नका, आतडं थांबतं.

कोंबडीखाद्य चुकूनही मिसळू नका. त्यातली सॅलिनोमायसिन, नॅरासिन यांसारखी औषधं सशाला विषारी ठरतात.

उन्हाळ्यात खुराकाचा दोन तृतीयांश भाग संध्याकाळी द्या, ससा जास्त करून रात्रीच खातो. आठवड्याला ठरल्या वेळी वजन करा. न्यूझीलंड व्हाइट जातीचं पिल्लू दिवसाला 20 ग्रॅम चढत असेल तर खुराकाला हात लावू नका. 15 च्या खाली आलं तर आधी पाण्याचं निपल, म्हणजे पिंजऱ्यातली पाणी प्यायची तोटी, तपासा. कोरड्या खुराकाच्या साधारण दुप्पट पाणी त्याला लागतं, आणि निपल तुंबलं की कितीही चांगला खुराक भांड्यातच राहतो.