ताम्हिणीत उतरताच लेन्सवर बाष्प धरू नये म्हणून

पावसाळ्यात पुण्याहून ताम्हिणीला एसी गाडीतून गेलो की कॅमेरा गार पडतो. बाहेर काढताच दमट हवेने लेन्सवर बाष्प धरतं, आणि समोरचा ढग दरीतून निघून जाईपर्यंत आपण काच पुसत बसतो.

१. घरीच लेन्स लावून कॅमेरा झिपच्या जाड पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले असतील तर त्यांनी ओल धरलीय, बदलाच.

२. पौड मागे पडलं की एसी बंद करा, काचा बोटभर खाली घ्या.

३. पोहोचल्यावर पिशवी लगेच उघडू नका. बाष्प धरलं तर पिशवीच्या बाहेरून धरतं, कॅमेऱ्यावर नाही. वीसेक मिनिटं चहा घ्या, जागा बघा. हात लावून कॅमेरा गार लागला नाही की काढा.

भुरभुर असेल तर किराणा दुकानातली मोठी पारदर्शक पिशवी वरून घाला, कोपरा कापून हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची गोल कड) बाहेर काढा आणि त्यावर रबरबँड चढवा. माझं तरी यावर भागतं.

तिथे लेन्स मात्र बदलू नका. आत ओल गेली की पुढे बुरशी धरते.