साइड-स्ट्राइप्ड जॅकल दिसत नाही? या चुका टाळा

आफ्रिकेहून परतलेल्यांच्या फोटोंत कोल्हा असतोच, पण तो बहुतेकदा काळ्या पाठीचा. तो धीट असतो, जीपशेजारूनही निवांत जातो. साइड-स्ट्राइप्ड जॅकल, म्हणजे अंगाच्या बाजूला पट्टा असलेला कोल्हा, मात्र लाजाळू. तो हुकतो त्यात नशिबापेक्षा आपल्या सवयींचा वाटा मोठा असतो.

सर्वात मोठी चूक म्हणजे नावावर विसंबून अंगावरचा पट्टा शोधत बसणं. हा पट्टा कित्येकदा इतका फिकट असतो की संधिप्रकाशात दिसतच नाही. आधी शेपटीचं टोक पाहा. ते पांढरं असेल तर बहुधा हाच; काळ्या पाठीच्या कोल्ह्याचं टोक काळं असतं. शिवाय याचा रंग राखाडी, कान आखूड आणि पाठीवर ते ठळक काळं खोगीर नाही.

दुसरी चूक जागेची. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मोकळ्या गवताळ माळावर काळ्या पाठीचा कोल्हा दिसतो, किंवा आपल्याकडच्या कोल्ह्यासारखा दिसणारा सोनेरी प्राणी. त्या सोनेरी प्राण्याला 2015च्या जनुकीय अभ्यासानंतर 'आफ्रिकन गोल्डन वुल्फ' ही वेगळी जात मानतात. साइड-स्ट्राइप्डला झाडी आणि जवळ पाणी असलेला प्रदेश आवडतो. अंगाने मोठा असूनही तो काळ्या पाठीच्या कोल्ह्यापुढे माघार घेतो, त्यामुळे दोघे एकत्र असतील तिथे तो झाडीत सरकतो. माझं मत विचाराल तर झांबियातलं साउथ लुआंग्वा निवडा. तिथे काळ्या पाठीचा कोल्हा नाहीच, त्यामुळे ओळखण्यातला गोंधळही उरत नाही. जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत गवत कमी असतं, नजर लांबवर पोचते.

वेळही महत्त्वाची. हा मुख्यतः निशाचर आहे, म्हणून नाइट ड्राइव्ह (रात्रीची सफारी) मिळणार का हे बुकिंगआधीच विचारा. केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्रात ती चालत नाही, लगतच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये (राखीव क्षेत्राबाहेरच्या संरक्षित जमिनींवर) चालते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात रात्री स्वतःची गाडी फिरवता येत नाही. उद्यानाच्याच गाडीतून जावं लागतं.

प्राणी दिसला की गाडी मागे पळवायला सांगू नका. इंजिन बंद, आवाज बंद, आणि प्रखर झोत थेट डोळ्यांवर नको; लाल फिल्टर असेल तर उत्तम. त्याला पळायला लावून मिळालेला फोटो नसलेलाच बरा.

गाइडला पहिल्याच दिवशी सांगा की तुम्हाला हा कोल्हा पाहायचा आहे. नाहीतर सिंहाच्या मागे सगळी सफारी संपते. फळांनी लगडलेल्या रानअंजिरांखाली थांबायलाही सांगा, कारण फळं हा त्याच्या आहाराचा मोठा भाग आहे. आणि अंधारात घुबडासारखा घूत्कार आला तर तो घुबडाचाच समजून पुढे जाऊ नका. याची हाकही तशीच असते.